विश्लेषण : नेल आर्ट करणाऱ्या हातांची काळजी कोण घेणार?

जेल पॉलिश, अ‍ॅक्रिलिक नखे आणि नेल एक्स्टेन्शन आता फक्त मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. यवतमाळ शहरात आणि वणी, पुसद, उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावांतही लग्नसराईत नखे करून घेणे हा नवरीच्या तयारीचा भाग झाला आहे. नवरीची नखे महिनाभरात वाढतात आणि विषय संपतो. ती नखे करणारी मुलगी मात्र रोज आठ-दहा तास त्याच टेबलावर, त्याच वासात बसलेली असते. तिच्या हातांचे, त्वचेचे आणि श्वासाचे काय होते? एका बंद दुकानात वापरल्या जाणाऱ्या रसायनांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण २०१७ च्या फवारणी विषबाधेतून गेलेल्या जिल्ह्याने तरी तो किरकोळ मानू नये.

नेल आर्टमध्ये नेमके काय वापरले जाते?

साध्या नेलपॉलिशमध्ये रंग, चिकटपणा देणारे रेझिन आणि ते पातळ ठेवणारी द्रावके असतात. इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट ही त्यातली नेहमीची द्रावके. पॉलिश वाळते, म्हणजे ही द्रावके हवेत उडून जातात. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असते.

टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट (डीबीपी) या तीन रसायनांना जगभरात ‘विषारी त्रिकूट’ म्हणतात. टोल्युइनमुळे डोकेदुखी, गरगरणे, डोळे-घसा चुरचुरणे असे त्रास होतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डीबीपीवर प्रजनन आरोग्याच्या कारणावरून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांपुरती बंदी आहे. अनेक कंपन्यांनी हे त्रिकूट आपल्या उत्पादनांतून काढले आहे. पण स्वस्त, बिनलेबलच्या मालाबद्दल अशी खात्री देता येत नाही.

जेल आणि अ‍ॅक्रिलिक नखांचा मामला वेगळा आहे. तिथे पदार्थ वाळत नाही, तर रासायनिक क्रियेने घट्ट होतो. ‘लिक्विड’ म्हणून ओळखला जाणारा मोनोमर आणि पावडर एकत्र आली की अ‍ॅक्रिलिकचे कडक प्लास्टिक तयार होते. जेल पॉलिश यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली कडक होते. दोन्हींत मेथाक्रिलेट गटातली रसायने असतात. त्यात इथाइल मेथाक्रिलेट (ईएमए), मिथाइल मेथाक्रिलेट (एमएमए) आणि ‘हेमा’ या नावाने ओळखले जाणारे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट ही महत्त्वाची नावे. एमएमए स्वस्त पडते, पण त्याची नखे इतकी कडक होतात की हिसका बसला तर मूळ नखच उचकटू शकते. नखांच्या त्रासाच्या तक्रारी आल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच शुद्ध एमएमए असलेल्या नेल उत्पादनांवर कारवाई केली होती.

ही रसायने शरीरात कुठून शिरतात?

तीन वाटांनी. पहिली वाट श्वासाची. नखांवर काम करताना चेहरा ग्राहकाच्या हातापासून जेमतेम एक-दीड फुटावर असतो. त्यामुळे खोलीतल्या सरासरी हवेपेक्षा जास्त वाफ त्या मुलीच्या नाकाशी असते. ड्रिल मशीन आणि फाइलने घासताना उडणारी बारीक धूळही तिथेच असते आणि त्या धुळीत अर्धवट घट्ट झालेले अ‍ॅक्रिलेट असू शकते.

दुसरी वाट त्वचेची. जेल दिव्याखाली कडक झाल्यावरही वर एक चिकट थर राहतो. तो स्पिरिटच्या कापसाने पुसतात. हा थर म्हणजे न घट्ट झालेले जेल. तो उघड्या बोटांनी पुसणे म्हणजे कच्चे रसायन रोज हाताला चोळणे. ब्रशवरचे जास्तीचे जेल बोटाने निपटणे, बाटलीच्या तोंडावरून ओघळलेला थेंब तसाच राहू देणे, या सवयींतूनही तेच होते.

तिसरी वाट तोंडाची. दुपारी त्याच टेबलावर डबा उघडला, चहाचा कप तिथेच झाकणाशिवाय ठेवला, की धूळ आणि रसायन पोटात जाते. लग्नसराईत जेवायला वेगळी उसंत मिळत नाही, तेव्हा हेच घडते.

‘थोडी अ‍ॅलर्जी’ एवढी गंभीर का?

अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. महिनोन्‌महिने काहीच वाटत नाही. मग एक दिवस बोटांच्या टोकांना खाज सुटते, कातडी सोलवटते, भेगा पडतात, नखाखाली दुखू लागते. काहींना चेहऱ्यावर, पापण्यांवर पुरळ येते; कारण हात आणि धूळ तिथेही पोहोचते. एकदा शरीराने या रसायनाला ‘शत्रू’ म्हणून ओळखले की ती ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. मलम लावून पुरळ जाते, पण पुन्हा थोडासा स्पर्श झाला तरी परत येते. म्हणजे ज्या कलेवर मुलीचा संसार चालतो, तीच कला तिला सोडावी लागू शकते.

परिणाम कामापुरताही मर्यादित राहत नाही. दाताच्या फिलिंगमध्ये, सांधा बदलताना वापरल्या जाणाऱ्या बोन सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या अंगावर चिकटवल्या जाणाऱ्या काही ग्लुकोज सेन्सरच्या गोंदातही अ‍ॅक्रिलेट वर्गातली रसायने असतात. विशीत पार्लरमध्ये लागलेली अ‍ॅलर्जी पन्नाशीत दवाखान्यात आडवी येऊ शकते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये अ‍ॅक्रिलेटला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवले, ते उगाच नव्हे.

बंद खोलीचे गणित काय सांगते?

दहा बाय दहा फुटांचा गाळा आणि दहा फूट उंची धरली, तर आतली हवा होते सुमारे २८ घनमीटर. जुनी नखे काढताना वाटीत, कापसावर आणि फॉइलमध्ये वापरलेल्या अ‍ॅसिटोनपैकी फक्त २० मिलिलिटर, म्हणजे चार चमचे, हवेत उडाले असे समजू. अ‍ॅसिटोनची घनता लक्षात घेतली तर ते सुमारे १६ ग्रॅम भरते. दार-खिडकी बंद असेल तर खोलीतल्या हवेत त्याचे प्रमाण साधारण २३५ पीपीएम होते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायोश’ने कामाच्या पूर्ण पाळीसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा २५० पीपीएम आहे. म्हणजे एका ग्राहकातच आपण त्या रेषेजवळ पोहोचतो. लागोपाठ तीन ग्राहक झाले आणि हवा बदललीच नाही, तर आकडा ७०० च्या घरात जातो.

प्रत्यक्षात दार उघडते-मिटते, थोडी हवा बदलते, त्यामुळे आकडा याहून कमी येईल. पण गणिताचा अर्थ तोच राहतो : इथे सर्वात मोठे संरक्षण कुठले महागडे यंत्र नाही, तर बदलती हवा आहे. आणि अ‍ॅसिटोन हे या यादीतले तुलनेने सौम्य रसायन आहे.

वासावर विसंबणेही धोक्याचे. नाक काही मिनिटांत वासाला सरावते. बाहेरून आलेल्या ग्राहकाला जो वास झोंबतो, तो आत बसलेल्या मुलीला जाणवतही नाही. ‘आता सवय झाली’ याचा अर्थ रसायन कमी झाले असा होत नाही.

यवतमाळच्या उन्हाचा काय संबंध?

लग्नसराईचा मोठा भाग एप्रिल-मेमध्ये येतो आणि त्या दिवसांत विदर्भात पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो. २० अंशांवर अ‍ॅसिटोनचा जो बाष्पदाब असतो, तो ४० अंशांवर दुपटीहून अधिक होतो. उघड्या वाटीतले रिमूव्हर उन्हाळ्यात भराभर उडते. त्यावर उपाय म्हणून दार लावून एसी चालवला, तर साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. गारवा मिळतो, वाफ तिथेच राहते.

इथे विदर्भाचा जुना डेझर्ट कूलर उपयोगी पडतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवली, तर गारव्यासोबत खोलीतली हवाही बदलत राहते. कूलर खोलीच्या आत ठेवून दारे लावली तर मात्र हा फायदा संपतो.

आणखी एक धोका आगीचा. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा दुप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरते. सकाळी दुकान उघडल्यावर दिवा-अगरबत्ती लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. देवाचा कोनाडा आणि रिमूव्हरची बाटली एकाच फळीवर असता कामा नये.

२०१७ च्या फवारणी विषबाधेशी तुलना का?

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. २०१७ च्या खरिपात जुलै ते ऑक्टोबर-नोव्हेंबरदरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना ८०० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला लागणारे एक विकर बंद पाडतात. काही तासांत दृष्टी धूसर होते, उलट्या होतात, श्वास अडकतो. नेल आर्टची रसायने अशी जीव घेत नाहीत. त्यांचा त्रास हळू, थोडा-थोडा आणि वर्षानुवर्षे होतो.

पण कामगार रसायनाच्या तावडीत कसा सापडतो, याची साखळी दोन्हीकडे सारखी आहे. त्या वर्षी राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली आणि पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. चर्चेत आलेली कारणे आठवून पाहा : हातमोजे-मास्कशिवाय फवारणी, दोन-तीन औषधांचे मनाने केलेले मिश्रण, डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत कोंडलेली हवा, दुकानदाराच्या सांगण्यावर ठरलेली मात्रा आणि मजुराला वाचता न येणारे लेबल. आता शेताच्या जागी पार्लर ठेवा. हातमोज्यांविना काम, एका कंपनीचे जेल आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा, बंद गाळा, डिस्ट्रिब्युटरच्या सांगण्यावर ठरलेला माल आणि इंग्रजी किंवा चिनी भाषेतली बाटली. दुवे तेच आहेत.

एक फरक मात्र पार्लरच्या विरोधात जातो. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. अक्षरओळख नसलेल्यालाही लाल म्हणजे जहाल हे कळते. नेल आर्टच्या बाटलीवर असा कोणताही रंग नसतो. उलट ती दिसायला जितकी गोंडस, तितका तिच्याबद्दलचा संशय कमी.

दुसरा धडा नोंदीचा आहे. फवारणी प्रकरणातील काही कुटुंबांनी पुढे स्वित्झर्लंडमधील न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोणत्या रुग्णाने कोणते औषध फवारले होते याच्या पोलीस नोंदी महत्त्वाच्या ठरल्या. कोणती बाटली हाताळली हे सांगता आले नाही, तर डॉक्टरला निदान अवघड जाते आणि भरपाई मागणेही. पार्लरमधली मुलगी आज त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली, तर ती कोणत्या उत्पादनाचे नाव सांगू शकेल?

जगात याची दखल कशी घेतली गेली?

२०१५ च्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिथल्या नेल सलॉनमधील कामगारांची वेतनातील पिळवणूक आणि आरोग्याचे प्रश्न मांडणारी मालिका छापली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने तातडीने तपासणी पथके नेमली आणि पुढच्याच वर्षी सलॉनमधील वायुविजनाचे नियम आणले. कॅलिफोर्नियात दंडापेक्षा शाबासकीचा मार्ग निवडला गेला : सुरक्षित उत्पादने आणि चांगली हवा ठेवणाऱ्या सलॉनला ‘हेल्दी नेल सलॉन’ म्हणून मान्यता मिळते. सॅन फ्रान्सिस्कोने त्यासाठी २०१० मध्येच ठराव केला होता.

२०१९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संशोधकांनी सहा नेल सलॉनमधील हवा मोजली. फॉर्मल्डिहाइड, टोल्युइन, बेंझिनसारख्या प्रदूषकांच्या पातळीची तुलना त्यांना गॅरेज आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांशी करावी लागली. युरोपीय संघाने २०२१ पासून नखांच्या उत्पादनांतील ‘हेमा’ फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवले आणि अ‍ॅलर्जीचा इशारा बंधनकारक केला. जेल कडक करणारे ‘टीपीओ’ हे रसायन तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाले आहे. एका बाजारात बाद झालेला माल दुसऱ्या बाजारात स्वस्तात उतरण्याची शक्यता असते, म्हणून ही तारीख आपल्याकडच्या पार्लरचालकांनीही लक्षात ठेवायला हवी.

आपल्याकडचे कायदे काय सांगतात?

उत्पादनाचा कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी हवी. आयात मालाची नोंदणी हवी. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

कामगाराचा कायदाही आहे, पण तो मोठ्या दारातूनच आत शिरतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आणला गेला तेव्हा तो पूर्णपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याखालच्यांना फक्त ऑनलाइन माहिती द्यायची होती. ही मर्यादा २० पर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; तिचाही उंबरठा साधारण दहा कामगारांचा आहे. कर्मचारी राज्य विम्याचेही तसेच. धोकादायक प्रक्रियेत एकच कामगार असला तरी विमा लागू करण्याची नवी तरतूद आहे, पण धोकादायक उद्योगांच्या यादीत पार्लर नाही.

तालुक्याच्या गावातले पार्लर म्हणजे एक मालकीण आणि एक-दोन हेल्पर मुली. अनेकदा तर घराच्या पुढच्या खोलीत एकटी बाईच मालक आणि तीच कामगार. ती या प्रत्येक उंबरठ्याच्या बाहेर राहते. तिच्यासाठी आज हाताशी असलेली सरकारी नोंद म्हणजे असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेले ई-श्रम पोर्टल. ती नोंदणी करून ठेवावीच. पण त्याने खोलीतली हवा बदलत नाही.

बाटलीवर काय पाहावे?

घटकांची यादी नसलेली, बॅच आणि मुदत नसलेली बाटली घेऊ नये. खुल्या कॅनमधून ओतून दिलेला ‘लूज’ मोनोमर तर नकोच. त्यात एमएमए आहे की ईएमए हे सांगणारे कोणीच नसते. मोनोमरचा वास नेहमीपेक्षा फार उग्र असेल, तयार नख फाइलने घासलेच जात नसेल आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही सुटत नसेल, तर एमएमएचा संशय घ्यावा.

‘फाइव्ह फ्री’, ‘टेन फ्री’ अशा शब्दांनी लगेच निश्चिंत होऊ नये. या शब्दांची ठरलेली सरकारी व्याख्या नाही. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अशा पॉलिशची तपासणी केली, तेव्हा काढून टाकलेल्या रसायनाच्या जागी दुसरेच शंकास्पद रसायन आल्याची उदाहरणे सापडली होती. अमुक नाही, यापेक्षा काय-काय आहे, हे वाचणे महत्त्वाचे.

जेल ज्या कंपनीचे, तिने सांगितलेलाच दिवा आणि तेवढाच वेळ वापरावा. दिवा कमजोर असेल तर जेल वरून कडक आणि आतून कच्चे राहते. हेच कच्चे रसायन ग्राहक आणि कामगार दोघींनाही अ‍ॅलर्जी देते.

कमी खर्चात काय करता येईल?

पहिला खर्च एक्झॉस्ट पंख्याचा. पंख्याच्या खोक्यावर तो तासाला किती घनमीटर हवा ओढतो हे लिहिलेले असते. त्या आकड्याला खोलीच्या घनफळाने भागले की तासाला हवा किती वेळा बदलेल ते कळते. २८ घनमीटरच्या खोलीत २८० घनमीटरचा पंखा म्हणजे कागदावर तासाला दहा वेळा. पंखा टेबलाच्या जवळ, टेबलाच्या उंचीवर आणि अशा बाजूला हवा की हवा काम करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून न जाता तिच्यापासून दूर ओढली जाईल. दारावर, म्हणजे समोरच्या बाजूला ताजी हवा यायला फट हवी. नाहीतर पंखा नुसता फिरतो. वीज गेली की पंखा थांबतो, तेव्हा दार-खिडकी उघडावी आणि अ‍ॅसिटोनचे काम पुढे ढकलावे.

बिनखर्चाचे उपाय त्याहून जास्त आहेत. उघड्या वाटीऐवजी झाकणाची किंवा पंपाची बाटली वापरावी. भिजवलेला कापूस आणि फॉइल झाकणाच्या डब्यात टाकावे आणि तो डबा दिवसातून दोन-तीनदा बाहेर रिकामा करावा. मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत ओतले तर तिच्यावर मराठीत नाव आणि तारीख लिहावी. डबा खाण्याची जागा वेगळी ठेवावी आणि त्याआधी साबणाने हात धुवावेत. हात अ‍ॅसिटोनने ‘स्वच्छ’ करू नयेत. त्याने कातडीवरचे तेल निघून जाते आणि पुढचे रसायन अधिक सहज आत शिरते.

मास्क आणि हातमोजे कोणते?

इथे बरेच पैसे वाया जातात. निळा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ मास्क घासताना उडणारी धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि ती गाळणी वेळेवर बदलावी लागते. म्हणूनच आधी पंखा, नंतर मास्क, हा क्रम महत्त्वाचा.

पातळ लेटेक्स किंवा प्लास्टिकच्या हातमोज्यांतून अ‍ॅक्रिलेट काही मिनिटांत आरपार जाते. नायट्रिल हातमोजे अधिक चांगले, पण तेही कायमचे कवच नाहीत. ग्राहक बदलला की हातमोजे बदलावेत. जेल लागले तर लगेच. अ‍ॅसिटोनपुढे नायट्रिलही फार टिकत नाही, म्हणून शिंतोडा उडाला की ते काढून टाकावेत. धुऊन पुन्हा वापरलेला हातमोजा म्हणजे रसायन आतल्या बाजूला कोंडून ठेवलेली पिशवी.

पेडिक्युअर आणि क्युटिकल कापताना रक्त येऊ शकते. अवजारे प्रत्येक ग्राहकानंतर धुऊन निर्जंतुक करणे ग्राहकासाठी जितके गरजेचे, तितकेच कामगारासाठी. हिपॅटायटीस बीची लस घेऊन ठेवणे हा या व्यवसायातला शहाणपणाचा खर्च आहे.

लक्षणे दिसली तर?

बोटांची खाज किंवा भेगा दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, सुट्टीच्या दिवसांत बरे वाटून कामावर परत येताच त्रास वाढला, छातीत घरघर होऊ लागली किंवा रोज संध्याकाळी डोके दुखू लागले, तर हा ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडू नये. औषध दुकानातून परस्पर स्टिरॉइड मलम घेणे टाळावे. त्याने पुरळ दबते, कारण तसेच राहते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वापरात असलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा आणि आपण काय काम करतो ते आपणहून सांगावे. नेमके कोणते रसायन भोवते, हे पॅच टेस्टने ओळखता येते. गरोदर असल्यास किंवा तसा विचार असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे आणि मोनोमर-रिमूव्हरचे काम शक्य तितके कमी करावे.

मग जबाबदारी कोणाची?

ग्राहकाला करण्यासारखे एक सोपे काम आहे. दार बंद ठेवण्याचा आग्रह धरू नये, आणि हातमोजे घालून काम करणाऱ्या मुलीला ‘एवढं काय, आम्हाला काही रोग आहे का?’ असे विचारू नये. दोनशे रुपये कमी घेणाऱ्या ठिकाणी ते कशात कमी केले गेले, हे विचारायला हरकत नाही. मालकिणीसाठी हा फक्त भूतदयेचा मामला नाही. शिकवून तयार केलेली मुलगी अ‍ॅलर्जीमुळे वर्षभरात काम सोडून गेली, तर तिचे नुकसान होतेच, दुकानाचेही होते.

शासनासाठी सर्वात स्वस्त जागा प्रशिक्षणाची आहे. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा वर्ग, जन शिक्षण संस्था, आरसेटी आणि बचत गटांमार्फत होणारे ब्युटी पार्लरचे अभ्यासक्रम जिथे-जिथे चालतात, तिथे मुली हाताला येतातच. प्रमाणपत्रासोबत नायट्रिल हातमोज्यांचे एक खोके, मराठीतले एक पानभर सूचनापत्र आणि ‘पंखा कुठे लावायचा’ याचा एक तास जोडता येईल. व्यवसायासाठी कर्ज देताना खुर्ची, आरसा आणि दिव्याच्या यादीत एक्झॉस्ट पंखाही धरता येईल. अन्न व औषध प्रशासनाने वर्षातून एकदा लग्नसराईच्या आधी बिनलेबल मोनोमर विकणाऱ्या घाऊक दुकानांची तपासणी केली, तर शेकडो पार्लरची तपासणी न करताही माल थांबेल.

२०१७ मध्ये जिल्हा जागा झाला तो रुग्णालयाचे वॉर्ड भरल्यावर. पार्लरमधल्या रसायनांनी वॉर्ड कधी भरणार नाहीत. एक मुलगी हाताला फडके बांधून काम करील, दुसरी मुकाट्याने काम सोडून घरी बसेल आणि तिसरी तिच्या जागी रुजू होईल. म्हणून इथे गर्दीची वाट पाहून चालणार नाही. येत्या लग्नसराईआधी भिंतीत एक पंखा, टेबलावर झाकणाची बाटली आणि हातात योग्य हातमोजे, एवढी सुरुवात प्रत्येक पार्लरला परवडणारी आहे.